पहिल्या बाळाचा सव्वा महिना



घरात मूल जन्माला आले की साखर वाटायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर जिलेबी, असा भेदही लोकांनी करून ठेवला आहे. साखर दोन्हींत तीच, आणि ती आपल्याच उसाची. तेव्हा निदान ऊस पिकवणाऱ्यांनी तरी हा भेद धरू नये. असो. आज लिहायचे आहे ते साखर वाटून झाल्यावर पुढे काय, याविषयी. पाहुणेरावळे बाळ बघून, हातावर पैसे ठेवून आपापल्या गावी जातात. मग घरात उरते ती पहिलटकरीण, तिची आई नाहीतर सासू, आणि नव्यानेच बाप झालेला आपला सभासद किंवा सभासदाचा मुलगा. सव्वा महिना कसा काढायचा, हे या तिघाचौघांनी मिळून ठरवायचे असते.

हा विषय बायकांचा म्हणून पुरुषमंडळींनी कृपा करून पान उलटू नये. बाळाला न्हाऊमाखू घालणे बायका करतात हे खरे. पण रात्री दोन वाजता गाडी काढायची की सकाळपर्यंत वाट पाहायची, हे घरात कोण ठरवते? तो निर्णय बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या हातात असतो, आणि नेमका तिथेच उशीर होतो. पहिल्या महिन्यात जी बाळे दगावतात, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. म्हणजे पाचवी पुजेपर्यंतचे दिवस सगळ्यांत नाजूक. आपल्या वाडवडिलांनी पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई जागवायची रीत घातली, तीही याच भीतीपोटी असणार. रीत जरूर पाळावी, पण त्याच रात्री बाळ नीट दूध ओढते आहे ना, अंगाला गरम आहे ना, हेही जागून पाहावे.

चीक फेकायचा नसतो

गाय व्याली की वासराला आधी चीक पाजायचा, हे कोणा शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. वासराने चीक प्यायला नाही तर ते पुढे खुरटते, हगवणीने जाते, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. घरच्या बाळंतिणीच्या बाबतीत मात्र तोच माणूस गप्प बसतो आणि 'पहिले दूध जड असते, पिळून टाका' असे कोणी म्हटले की मान डोलावतो. हे पिवळसर, घट्ट दूध म्हणजे बाळाची पहिली लस होय. रोगाशी झुंजणारी द्रव्ये त्यात भरपूर असतात. बाळ जन्मल्यापासून तासाभराच्या आत त्याला छातीशी धरले पाहिजे. सिझेरियन झाले असले तरी आई शुद्धीवर असेल तर दवाखान्यातल्या सिस्टरला सांगून तेवढे करून घ्यावे.

'पण दूधच येत नाही, मग बाळ उपाशी ठेवायचे का?' हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. याचे उत्तर उसाच्या टिपरीत आहे. टिपरी लावली, डोळा फुटला, कोंब वर आला, तरी पहिले काही दिवस तो टिपरीतल्याच साठ्यावर वाढतो. स्वतःच्या मुळ्या नंतर फुटतात. बाळही अंगात थोडा साठा घेऊनच जन्मते आणि पहिल्या दिवशी त्याचे पोट इतके लहान असते की एका वेळी चमचाभर चीक त्याला पुरतो. भरपूर दूध उतरते ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोपर्यंत बाळाला पुन्हा पुन्हा छातीला लावत राहायचे, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. जितके ओढेल तितके येईल. धार काढायची चुकवत गेले की गाय आटते. तोच हिशेब इथे आहे. मध्येच वरचे दूध सुरू केले की बाळ ओढायचे कमी करते, आणि मग दूध खरोखरच कमी होते. त्यावर लोक म्हणतात, 'बघा, आम्ही म्हणत होतो ना, हिला दूधच नाही!'

बाळाच्या तोंडात नुसती बोंडशी देऊन चालत नाही. भोवतालचा काळा भागही बऱ्यापैकी तोंडात गेला पाहिजे आणि बाळाची हनुवटी आईच्या अंगाला टेकली पाहिजे. बोंडशीला चिरा पडतात त्या बहुधा बाळ नीट न धरल्यामुळे. पहिलटकरणीला हे येत नसते आणि ती लाजते. तेव्हा सिस्टर, आशाताई किंवा घरातल्या जाणत्या बाईने शेजारी बसून दाखवावे.

आता मध, गूळपाणी, साखरपाणी, गुटी यांच्याबद्दल स्पष्टच सांगतो. साखर आपल्या कारखान्याची असली तरी बाळाला साखरपाणी नको. मधाचे बोट चाटवायची हौस फार, पण मधात एका जंतूचे बीज असू शकते. मोठ्या माणसाला ते बाधत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढते आणि त्याच्या विषाने बाळाचे अंग लुळे पडू शकते. म्हणून वर्षापर्यंत मध नाही. गुटी सहाणेवर उगाळताना पाणी कोणते, हात कोणाचे, सहाण केव्हा धुतलेली, हे कोणी पाहत नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही नको, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको. दुधातच पाणी असते. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध वा थेंब तेवढे अपवाद.

वजनकाटा

वार्षिक सभेत काट्यावर प्रश्न निघाला नाही असे वर्ष जात नाही. टनामागे किलोचा फरक पडला तरी आपण बोलतो, आणि ते रास्तच आहे. पण घरच्या बाळाचे जन्मवजन किती, असे विचारले तर दहांतले किती बाप सांगू शकतील? ते दवाखान्याच्या कागदावर लिहिलेले असते. तो आकडा पाठ करा. अडीच किलो किंवा त्याहून जास्त असेल तर उत्तम. त्याखाली असेल तर बाळाला जास्त जपायला हवे, आणि दोन किलोच्या आत असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरी आणायची घाई करू नये.

पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचे वजन थोडे घटतेच; शेकडा सात ते दहापर्यंतची घट सर्वसाधारण समजतात. पावणेतीन किलोचे बाळ अडीच किलोवर आले म्हणून हाय खायचे कारण नाही; त्याच्याही खाली जाऊ लागले तर मात्र दाखवावे. दोन आठवड्यांत जन्मवजन भरून निघाले पाहिजे, आणि त्यानंतर आठवड्याला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमने काटा पुढे सरकायला हवा. रोज वजन करायची सोय घरी नसते, तेव्हा लंगोट मोजावेत. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसरात्रीत सहा वेळा किंवा जास्त लघवी करत असेल आणि शी काळीची पिवळी झाली असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. हा शेतकऱ्याचा साधा ठोकताळा आहे आणि डॉक्टरही तोच वापरतात.

न्हाणी, शेगडी आणि टाळू

बाळाला पहिला दिवस उलटेपर्यंत आंघोळ घालू नये. जन्मल्यावर कोरडे पुसून, आईच्या उघड्या छातीवर उताणीपालथे न होता नीट पोटावर ठेवून वरून पांघरूण घालावे. ऊब देण्याचा याहून चांगला उपाय दुसरा नाही. कमी वजनाच्या बाळांना तर असे रोज तासन् तास ठेवतात, त्याला कांगारू पद्धत म्हणतात. आई थकली की बापानेही सदरा काढून बाळ छातीशी धरावे, चालते. लाजायचे काय त्यात? आशाताई सांगतात की पहिल्यांदा बाप नको म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मागून घेतो.

बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या बंद करून खाटेखाली शेगडी ठेवायची चाल अजून काही घरांत आहे. बंद खोलीत कोळसा धुमसला की त्यातून जो वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही; झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. धुरीने बाळाच्या छातीला त्रास होतो तो वेगळाच. खोली उबदार असावी, वारा थेट येऊ नये, पण हवा खेळती पाहिजे. टोपरे, पायमोजे आणि आईची कूस एवढ्याने भागते.

तेल लावून हलक्या हाताने चोळायला हरकत नाही. बाळाला ते आवडते. कानात, नाकात तेल सोडू नये. टाळू दाबून 'भरत' नसतो. तो आपला आपण महिन्यांनी भरतो. डोळ्यांत काजळ घालू नये. तीट लावायचीच तर कपाळावर किंवा तळपायाला लावावी. नाळेला तेल, हळद, राख, शेण काही म्हणजे काही लावू नये. कोरडी ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत गळून पडते. काही बाळांच्या छातीला गाठ येते, त्यात थेंबभर दूधही दिसते, तर काही मुलींना पहिल्या आठवड्यात अंगावरून किंचित लाल जाते. घरातले घाबरून जातात, पण हा आईच्या अंगातल्या रसांचा परिणाम असतो आणि आपोआप थांबतो. ती गाठ मात्र पिळू नये, पिकते.

कावीळ हा सगळ्यांत जास्त गोंधळाचा विषय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बाळ थोडे पिवळे दिसणे हे पुष्कळ बाळांत होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. पण पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा आला, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर ती बाधणारी कावीळ समजावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अशी वाढलेली कावीळ मेंदूवर जाते. कोवळ्या उन्हात धरून ती उतरत नाही. दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवावे लागते. गंडा, माळ, कानात औषध यांत दोन दिवस गेले तर ते दिवस परत मिळत नाहीत.

गडचिरोलीचा धडा

हे सगळे घरोघर सांगायला, बाळ तपासायला माणूस असला तर काय होते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ खेड्यांत गावातल्याच बायका निवडून त्यांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. बाळ तोलणे, ऊब देणे, दूध पाजायला शिकवणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून औषध देणे, एवढे काम. ज्यांना आकडे मोजायची सवय नव्हती त्यांच्यासाठी मण्यांचा साधा श्वासमापक केला. १९९९ साली या कामाचा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून हेच काम देशभर आशाताईंकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचे असते. आपला सव्वा महिना आणि सरकारचे बेचाळीस दिवस जवळजवळ सारखेच, पाहा. बाळंतीण माहेरी गेली असेल तर तिकडच्या आशाताईला कळवावे. नाहीतर होते काय, सासरची म्हणते ती माहेरी, आणि माहेरची म्हणते माझ्या यादीत नाही.

आशाताई येईल तेव्हा येईल. रोजचे पाहणे घरच्यांनीच करायचे. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग तापले किंवा हातपाय-पोट गार लागले, झोपेतून उठवले तरी सुस्त राहिले, झटके आले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, नाळेभोवती लाली आली किंवा पू आला, तर घरी उपाय करत बसू नये. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. साठ किंवा अधिक भरले तर पुन्हा एकदा मोजावेत, आणि पुन्हा तेवढेच भरले की निघावे. १०८ क्रमांकाला फोन केला की रुग्णवाहिका येते. वाटेत बाळाला छातीशी उघड्या अंगाला लावून न्यावे आणि ओढत असेल तर दूध पाजत राहावे. जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजात बाळांसाठी खास कक्ष असतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळाचे उपचार, औषधे व ने-आण विनामूल्य आहे, हे लक्षात ठेवून पैशांची जुळवाजुळव करण्यात वेळ घालवू नये.

बाळंतिणीचे काय?

बाळ जन्मले की सगळ्यांचे डोळे बाळाकडे लागतात आणि जिने नऊ महिने काढले ती कोपऱ्यात पडते. बाळंतपणानंतरचा पहिला दिवस आईला सर्वांत जोखमीचा असतो, म्हणून सगळे सुरळीत झाले तरी दवाखान्यात निदान ४८ तास राहावे. 'ऊस तोडायला आलाय, घरी कोणी नाही' म्हणून त्याच संध्याकाळी घरी आणू नये. घरी आल्यावर तासाभरात घडी भिजून जाईल एवढे अंगावरून जाऊ लागले, ताप आला, घाण वास येऊ लागला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा एकाच पायाची पिंढरी सुजून दुखू लागली, तर तेही बाळाइतकेच तातडीचे काम समजावे.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, तूप, शेपूची भाजी, हे सारे चांगलेच आहे. वाईट आहे ते पथ्याच्या नावाखाली पाणी तोडणे आणि भाजी, वरण, फळे बंद करून नुसत्या भातावर ठेवणे. तिला नेहमीपेक्षा जास्त खायला हवे आणि तहान लागेल तेवढे पाणी हवे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या फळीवर पडून राहतात, त्या तिच्या हातात द्याव्यात. मिश्री लावायची सवय असेल तर ती याच वेळी सुटली पाहिजे. तंबाखूचा अंश दुधातून बाळाच्या पोटात जातो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण उगीच रडते, चिडते. 'आता हिला काय कमी आहे?' असे म्हणू नये. झोप मोडलेली, अंग दुखते आहे, बाळ दर दोन तासांनी रडते आहे. हे रडू येणे बहुतेकींना येते आणि आठ-पंधरा दिवसांत जाते. दोन आठवड्यांनंतरही ती उदास राहिली, जेवेना, बाळाकडे बघेना, किंवा नको नको ते बोलू लागली, तर तो आजार आहे. बाहेरची बाधा नव्हे. त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीत बोलता येते.

बापाने काय करावे, असे कोणी विचारील. फवारणी करून आलात तर आंघोळ करून, कपडे बदलून मगच बाळाला घ्यावे. बाळाच्या खोलीत विडी-सिगारेट ओढू नये. रात्री एक पाळी आपण धरावी. दूध आईने पाजावे, लंगोट बदलणे आणि खांद्यावर घेऊन ढेकर काढणे बापाला जमते. बाळ काही केल्या राहीना आणि डोके फिरू लागले तर त्याला पाळण्यात उताणे ठेवून दोन मिनिटे बाहेर जाऊन यावे, पण रागाने हलवू नये, मान अजून धरलेली नसते. पुढच्या मुलाची घाई नको, दोघांत तीन वर्षांचे अंतर असावे. त्याची साधने दवाखान्यातून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावीत.

कागदपत्रांचे थोडक्यात. जन्मनोंद २१ दिवसांत करावी. नाव ठरले नसले तरी नोंद होते, बारशानंतर नाव घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे हाच दाखला लागणार आहे. बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि चोवीस तासांच्या आत कावीळ-ब ची लस दवाखान्यातच मिळते. पुढच्या लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी. पात्र मातेला पहिल्या बाळासाठी मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. १ एप्रिल २०२३ नंतर पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेच्या घरी मुलगी झाली असेल तर 'लेक लाडकी' योजनेत जन्मानंतर ५,००० आणि पुढे टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये आहेत. अटी अंगणवाडीताईंकडून समजून घ्याव्यात.

फडावरची बाळंतीण

शेवटी आपल्या घरातली नसलेल्या एका बाळंतिणीबद्दल. हंगामात आपल्या फडात बीडकडून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बायको बाळंत झाली की अर्धा कोयता बसतो. खाड्याचे पैसे कापले जातील या धास्तीने काही बायका अंग सावरण्यापूर्वीच मोळ्या उचलायला लागतात. थंडीच्या दिवसांत पाचटाच्या कोपीत तान्हे बाळ असते. गावच्या आशाताईच्या यादीत तिचे नाव नसते, कारण ती गावची नाही.

तिला दवाखाना, लस, रुग्णवाहिका हे सारे आपल्या घरच्यांइतकेच, विनामूल्य आणि कोणत्याही गावी मिळते; फक्त कोणी तरी सांगावे लागते. ऊस ज्याचा, त्या सभासदाने टोळी फडावर उतरली की मुकादमाला विचारावे, कोणी पोटुशी वा ओली बाळंतीण आहे का. असली तर आशाताईला एक फोन करावा, कोपीवर अंथरायला-पांघरायला द्यावे, अडीअडचणीला आपली गाडी द्यावी, आणि तिच्या खाड्याबद्दल मुकादमाशी आपण बोलावे. बाळाचे लसीकरण कार्ड तिच्या पिशवीत आहे ना, तेवढे पाहावे. नसेल तर जवळच्या उपकेंद्रात करून मिळते.